पूल रंगवण्याआधी पाणी कुठून वाहते ते पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवसांत गावोगावी छंदांची प्रदर्शने भरतात. त्यांत लघुरेल्वेची मांडणी असली की तिच्याभोवतीची गर्दी हटत नाही. पुण्यातले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना ही गोडी लावत आले आहे. हल्ली अशा मांडण्यांत इंजिने उत्तम असतात, सिग्नल चालतात, झाडेही नीट लावलेली असतात. पूल मात्र हटकून फसतो. एक तर तो खोक्यातून काढला तसाच प्लास्टिकच्या चकाकीत उभा असतो, नाहीतर अंगभर तपकिरी रंग थापून समुद्राच्या तळातून उपसल्यासारखा केलेला असतो. छंदांवरच्या लेखांतही ‘शेवटी गंजाचा परिणाम द्यावा’ एवढ्या एका ओळीत हा विषय आटोपतो. त्या एका ओळीत काय काय दडले आहे, ते आपल्या वाचकांपर्यंत जावे म्हणून हे पत्र.

गंज हा रंग म्हणून हातात घेतला की चूक तिथेच होते. लोखंडी पुलावर पाणी आणि धूळ जिथे थांबते तिथे गंज चढतो, आणि पाणी जिकडे ओघळते तिकडे त्याचे डाग उतरतात. बाकीचा पूल वर्षानुवर्षे रंगाखाली शाबूत राहतो. म्हणून ब्रश उचलण्याआधी एक खरा पूल निवडावा आणि नदीकाठावरून किंवा शेजारच्या रस्त्यावरून त्याचे फोटो काढावेत. पुलावर किंवा रुळांवर पाऊल टाकू नये. ते जिवावर बेतू शकते आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हाही आहे. पावसाळा संपल्यावर लगेच गेलात तर ओघळ सर्वांत स्पष्ट दिसतात.

आपल्याकडच्या लोखंडी गर्डरांची, म्हणजे पुलाचा भार पेलणाऱ्या तुळयांची, रंगाची रीत ठरलेली आहे. आधी तांबूस प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, आणि त्यावर अॅल्युमिनियमच्या चंदेरी रंगाचे हात. काही जुन्या पुलांना वरचा रंगही रेड ऑक्साइडचाच असे. ही रीत माहीत असली की मॉडेलचे निम्मे काम सोपे होते. चंदेरी रंग उडतो तेव्हा खाली एकदम गंज दिसत नाही, आधी प्रायमरचा विटकरी रंग उघडा पडतो. तोही गेला की मग लोखंड गंजते. प्रत्येक खरचटलेल्या जागेभोवती हे तीन थर कडेकडेने दिसायला हवेत. थेट चंदेरीवर तपकिरी ठिपका दिला की तो चिखलाचा शिंतोडा वाटतो.

आता प्रमाण. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, १८.३ मीटरचा प्लेट गर्डर, म्हणजे सलग पत्र्याची तुळई, २१ सेंटिमीटरचा होतो आणि ४५.७ मीटरचा जाळीचा गर्डर साडेबावन्न सेंटिमीटरचा. मॉडेलवरचा १ मिलिमीटरचा ठिपका खऱ्या पुलावर ८.७ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे तळहाताएवढे भगदाड. ६० सेंटिमीटरवरून मॉडेल पाहणारा माणूस खऱ्या पुलापासून ५२ मीटरवर उभा असतो. तिथून सुटे ओरखडे दिसत नाहीत. दिसतात त्या रंगाच्या छटा, ओघळ आणि कोपऱ्यांतला काळपटपणा. त्यामुळे खपल्यांवर कमी आणि छटांवर जास्त वेळ घालवावा. एवढ्या अंतरावर रंगही फिके दिसतात, म्हणून बाटलीतला रंग जसाच्या तसा कधीच वापरू नये.

बाजारातला चंदेरी रंग तर इथे हमखास दगा देतो. त्यातले धातूचे कण या मापाला फार मोठे पडतात आणि पूल चमकीच्या कागदासारखा झगमगतो. फिकट राखाडी ६ भाग, चंदेरी १ भाग आणि बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाचा एखादा थेंब असे मिश्रण करावे. काही वर्षे उन्हापावसात उभ्या असलेल्या अॅल्युमिनियम रंगाची निस्तेज झाक त्यातून नेमकी येते. रेड ऑक्साइडचा पूल करायचा असेल तर तो फिका करायला पांढरा घालू नका, गुलाबी होतो. यलो ऑकर किंवा मातकट रंग घाला. शेंदराचा मोहही टाळा. जुन्या काळी लोखंडाला शेंदराचा पहिला हात देत हे खरे, पण खरा शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. घरातल्या टेबलावर, मुलांच्या हाताशी तो नकोच.

तयारीचा भाग थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचे सुटे भाग भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात मऊ टूथब्रशने धुवावेत. साच्याचे तेल राहिले तर रंग पोपड्यासारखा सुटतो. जोड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने सारखे करावेत, मात्र रिवेटवरून, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या उठावदार डोक्यांवरून, पेपर फिरवू नये. गर्डर, आडवे बांध, खांब आणि रूळ वेगवेगळे रंगवावेत, पूर्ण जोडून नव्हे. जाळीच्या आत नंतर ब्रश पोचत नाही आणि पांढरे प्लास्टिक नेमके डोळ्यांच्या उंचीवर डोकावत राहते.

प्रायमर विटकरीच घ्या. स्प्रेचा डबा २५ ते ३० सेंटिमीटरवर धरून अगदी हलका पहिला हात द्या, दहा मिनिटांनी दुसरा. एअरब्रशला ०.३ मिलिमीटरची सुई, १५ ते २० पीएसआय दाब आणि १२ ते १५ सेंटिमीटरचे अंतर ठीक. फार दुरून मारले तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरबरीत होतो. जवळून मारले तर रिवेट बुजतात. हार्डवेअरच्या दुकानातले लवकर वाळणारे स्प्रे पुष्कळदा एनसी थिनरवर बनलेले असतात आणि ते पॉलिस्टायरिन, म्हणजे मॉडेलचे प्लास्टिक, विरघळवतात, म्हणून आधी साच्याच्या टाकाऊ काडीवर मारून पाहा. पावसाळी हवेत लॅकर, म्हणजे असा थिनरवरचा रंग, मारला की त्यावर पांढरी झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो, त्याची ही खूण. तिला घासू नका. कोरड्या दिवशी तोच लॅकर अगदी पातळ पुन्हा मारला की बहुधा ती जाते. एरवी २४ तास पुरतात, पावसाळ्यात मात्र प्रत्येक थराला ४८ तास द्या.

चंदेरी-राखाडीचा थर देण्याआधी, जिथे रंग उडालेला दाखवायचा आहे तेवढ्याच जागी केसांच्या स्प्रेचे दोन हलके हात द्यावेत. वीस मिनिटांनी वरून पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक रंग द्यावा. अर्ध्या तासाने कोमट पाण्याने ओला केलेला राठ ब्रश टेकवत राहिले की वरचा रंग बारीक खपल्यांनी सुटतो आणि खालचा विटकरी दिसतो. दुसऱ्या दिवसावर ढकलले तर तो घट्ट बसतो. एनॅमलवर ही युक्ती चालत नाही, कारण पाणी त्यातून खाली जातच नाही. हे जमत नसेल तर स्पंजचा फाटका तुकडा घ्या, विटकरी रंगात बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि फक्त कडांवर टेकवा. कडांवरच का? ओला रंग तीक्ष्ण कडेवरून आणि रिवेटच्या डोक्यावरून मागे ओढला जातो, तिथला थर पातळ राहतो आणि पूल पहिल्यांदा तिथेच उघडा पडतो. मॉडेलवरचा स्पंज त्याच वाटेने फिरला पाहिजे.

आता प्लेट गर्डरची बाहेरची बाजू जवळून पाहा. वर आडवी पट्टी, तिच्यावर स्लीपर, म्हणजे रूळ ज्यांवर बसतात ते आडवे ओंडके. खाली उभा पत्रा, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या पट्ट्या आणि तळाशी पुन्हा आडवी पट्टी. वरची पट्टी छपराच्या वळचणीसारखी पुढे आलेली असते, त्यामुळे तिच्या लगेच खालचा बोटभर पत्रा बराच स्वच्छ राहतो. पाणी पट्टीच्या कडेवरून ठिबकते, काही थेंब वाऱ्याने पत्र्यावर येतात आणि मग ओघळ सुरू होतात. खाली उभी पट्टी आणि तळची पट्टी जिथे मिळतात तिथे छोटे कोनाडे तयार होतात. धूळ, पाला, पक्ष्यांची घाण आणि पाणी, सगळे त्या कोनाड्यांत साचते. खरा गंज तिथे असतो. म्हणजे प्लेट गर्डर वर स्वच्छ, मध्ये डागाळलेला आणि तळाच्या कोपऱ्यांत गंजलेला. प्रदर्शनांत नेमके उलटे दिसते, कारण ब्रश वरून खाली ओढला की सर्वांत गडद रंग वरच लागतो.

दुसरी जागा स्लीपरखालची. रेल्वेच्या अशा उघड्या पुलावर रस्त्याच्या पुलासारखी छपराप्रमाणे पाणी अडवणारी फरशी नसते. पाऊस स्लीपरांमधून थेट खाली पडतो. स्लीपर जिथे पट्टीवर टेकतो तिथे ओल कोंडून राहते आणि पट्टी गंजाने खाल्ली जाते. पूर्वी डब्यांतल्या शौचालयांची घाणही थेट पुलावर पडे, तिनेही लोखंड खाल्ले. मॉडेलवर ही जागा स्लीपरने झाकलेली असते, पण स्लीपरच्या दोन्ही कडांना केसाइतकी गडद तपकिरी रेघ आणि दर चार-पाच स्लीपरांमागे एखादा छोटा ओघळ पट्टीच्या कडेवरून खाली उतरलेला, एवढे पुरते. सगळ्या स्लीपरांखाली सारखे ओघळ दिलेत तर ती नक्षी होते.

ओघळांसाठी तैलरंगासारखे दुसरे काही नाही. आधी अॅक्रिलिक थरावर सॅटिन व्हार्निशचा हात देऊन एक दिवस वाळू द्यावा. तैलरंग ट्यूबमधून पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवावा, पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्यावा, पाच मिनिटांनी व्हाइट स्पिरिट या तैलरंगाच्या थिनरमध्ये बुडवून टिपलेल्या चपट्या ब्रशने सरळ खाली ओढावा. सरळ म्हणजे अगदी सरळ, कारण पाणी तिरके वाहत नाही. जाळीच्या पुलातल्या तिरप्या दांड्यांवर मात्र ते दांडीच्या उतारानेच जाते आणि खालच्या सांध्यापाशी साठते. ओघळ वर अरुंद आणि गडद, खाली फिका होत नाहीसा व्हावा. एक सेंटिमीटरचा ओघळ खऱ्या पुलावर ८७ सेंटिमीटरचा होतो, तेव्हा फार लांब ओढू नका.

कोपऱ्यांत सोडायचे पातळ पाणी एक भाग बर्न्ट अंबर आणि दहा ते बारा भाग व्हाइट स्पिरिट असे करावे. रिवेटच्या रांगेला ब्रशचे टोक लावले की ते आपोआप भोवती पसरते. डबके साचू देऊ नका. ताणलेल्या प्लास्टिकच्या जोडात व्हाइट स्पिरिट मुरले तर तो जोड काही दिवसांनी तडकतो, आणि रंगवलेला गर्डर तडकला की सगळेच काम पुन्हा.

गंजाच्या तीन छटा पुरतात. बर्न्ट अंबरमध्ये थोडा काळा घालून जुना गंज, नुसता तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना म्हणजे मधला, आणि त्यात नारिंगी मिसळून ताजा. क्रम गडदकडून फिक्याकडे. गंजलेल्या क्षेत्राचा बहुतेक भाग गडद असावा, ताजा नारिंगी केवळ ओल असलेल्या मध्यबिंदूवर. नारिंगीच्या प्रेमात पडून अनेक चांगले पूल वाया गेले आहेत.

यानंतरची धूळ देण्यासाठी परदेशी पिगमेंटच्या डब्या मिळतात आणि त्या चांगल्या असतात. पण पूजेच्या सामानाच्या दुकानातला गेरूही उत्तम काम करतो. तो मुळात लोहाचा ऑक्साइडच आहे, गंजाचा सख्खा भाऊ. खलात कुटून वस्त्रगाळ करावा. बोटांत चोळल्यावर कण लागले तर पुन्हा गाळावा, नाहीतर मॉडेलवर खडी दिसते. गेरू ३ भाग आणि काजळी १ भाग म्हणजे जुना गंज. गेरू १ आणि मुलतानी माती २ म्हणजे वाटेची धूळ. मऊ कोरड्या ब्रशने कोनाड्यांत बसवावे आणि व्हाइट स्पिरिटचा एक थेंब शेजारी सोडावा, तो आत शिरून पूड धरून ठेवतो. आधीचे तैलरंग किमान तीन-चार दिवस वाळलेले असले पाहिजेत, नाहीतर तेही विरघळतात. या कामाला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरणारे बरेच आहेत. पण ते अॅक्रिलिकचा थर उचलते, आणि मग खालचा विटकरी नको तिथे बाहेर येतो. वरून मॅट व्हार्निश मारल्यास पुडीची निम्मी छटा गिळली जाते. म्हणून हात लागणार असतील तेवढ्याच जागी व्हार्निश द्यावे, किंवा पूड आधीच थोडी जास्त घ्यावी. पूड गाळताना आणि स्प्रे मारताना मास्क हवाच.

बेअरिंगकडे फार कमी लोक पाहतात. मोठ्या गर्डरचे एक टोक खांबावर पक्के बसवलेले असते आणि दुसरे रोलरवर, उन्हाने लोखंड लांबते त्याला वाव म्हणून. तिथे वंगण दिलेले असते. काळपट तपकिरी रंगात थोडे चकचकीत व्हार्निश मिसळून रोलरभोवती एक ठिपका द्या. साऱ्या मॅट पुलात तेवढीच ओलसर चमक दिसली की डोळा तिथे थांबतो. खांबाचा माथा धुळीने माखलेला आणि बेअरिंगखालून खांबावर एखादा तपकिरी ओघळ उतरलेला असावा.

खांब दगडी असतील तर आपल्याकडचा दगड बहुधा काळा पाषाण. तो काळ्या रंगाने रंगवू नये. गडद राखाडी घेऊन दहा-पंधरा दगड निळसर, काही तपकिरी झाकेचे करावेत. दगडांमधल्या दर्जा, म्हणजे चुन्याने भरलेले सांधे, फिकट ठेवाव्यात. सांध्यांतून लोणा फुटतो, त्याचे पांढरे ओघळ मळकट पांढऱ्याने आणि अगदी थोडेच. नदीच्या पातळीजवळ हिरवट-काळे शेवाळ, त्यावर पुराच्या गाळाची आडवी मातकट पट्टी, आणि ती सगळ्या खांबांवर एकाच उंचीला. हे विसरले की पाणी खोटे पडते. खांबावर पुराच्या पातळीच्या खुणा आणि पुलाचा क्रमांकही रंगवलेला असतो, तो बारीक ब्रशने किंवा छापील चिकटचित्राने टाकता येतो.

पूल कुठे उभा आहे, हेही रंगातून कळायला हवे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून कोकणातल्या पुलाची पश्चिमेची बाजू पूर्वेपेक्षा जास्त डागाळलेली. खाडीवरचा पूल खाऱ्या हवेने सगळीकडून कुरतडला जातो, तिथे गंज थोडा मोकळ्या हाताने चालतो. वाफेच्या काळातला जाळीचा पूल असेल तर काजळी बाजूंना नव्हे, रुळांच्या बरोबर वरच्या आडव्या बांधांवर, मधोमध द्यायची. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल करणाऱ्याने तर गेरू डबीतच ठेवावा. तो काँक्रीटचा आहे. त्याला पाणी निघण्याच्या जागांखालचे काळे ओघळ आणि पावसाळी बुरशीची करडी झाक हवी.

रूळ सर्वांत शेवटी. रुळांच्या बाजू गडद तपकिरी, लाकडी स्लीपर करडे, माथा लगेच पुसून स्वच्छ, नाहीतर इंजिन अडखळते. सांध्यांच्या पट्टीवर रंग शिरला तर वीज पुढे जात नाही. रूळ चमकवायला स्टील वूल कधीही वापरू नये. त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि इंजिन बंद पडते. आणि हे सगळे काम मांडणीवर जो दिवा लागणार आहे त्याच दिव्याखाली करावे. पिवळ्या दिव्यात जमलेला गंज पांढऱ्या एलईडीखाली जांभळट दिसतो.

प्रदर्शने भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. पुलाच्या मॉडेलशेजारी ज्या खऱ्या पुलावरून ते केले त्याचा फोटो ठेवण्याची अट घालावी आणि परीक्षकांनी गुण देताना दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. मुलांना नदीकाठी नेऊन दुरून गर्डर दाखवायला एक सकाळ पुरते. खऱ्या गर्डरवर तो शेवटचा कधी रंगवला त्याची तारीख लिहिलेली असते. मॉडेलवरही ती टाकावी आणि गंज किती द्यायचा ते त्या तारखेवरून ठरवावे.

आपला नम्र,
एक लघुरेल्वेप्रेमी वाचक, पुणे